आबाजी, बेल आणि निघालेले पाहुणे

थांबा. बाकी सगळं राहू द्या, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर माझं पोट फुटेल. मी अमरावतीतल्या एका दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसलेली आहे, समोरच्या चहात बिस्किट पडून विरघळलं, त्याचंही मला काही नाही. दोन्ही अंगठ्यांनी टाइप करून राहिली आहे, शुद्धलेखन वगैरे नंतर बघू. वर तिसऱ्या मजल्यावर आत्ता जे झालं ते पाहून माझी आई हसत होती की रडत होती हे मला अजून कळलेलं नाही. पण ते समजायला आधी आमचे आबाजी समजले पाहिजेत.

आबाजी म्हणजे माझ्या बाबांचे बाबा. आमच्यासोबत अकोल्याला राहतात. कोणी वय विचारलं की आधी त्याचं वय विचारतात आणि मग त्याच्या बापापेक्षा थोडं जास्त सांगतात. तब्येत ठणठणीत, आवाज खणखणीत आणि सवय एकच, जी आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. घरी आलेला माणूस निघाला की आबाजी त्याला पोचवायला जातात. दारापर्यंत नाही हो, दारापर्यंत तर सगळेच जातात. आबाजी फाटकापर्यंत जातात. फाटकाशी पुन्हा एकदा सगळ्या गप्पा होतात, मग कोपऱ्यापर्यंत जातात, आणि माणूस जवळचा असला तर ऑटोत बसवून, ऑटोवाल्याला "हळू ने बाप्पा, घाई करू नोको" सांगून परत येतात. बरं, पाहुणाच पाहिजे असंही नाही. सिलिंडरवाला आला, त्यालाही पोचवलं. वीजमीटरचा फोटो काढायला एक जण आला होता, त्याला शेजारच्या घरापर्यंत नेऊन दिलं. अकोल्याच्या मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडे कुत्रीसुद्धा नालीतून बाहेर येत नाहीत, तेव्हाही डोक्याला दुपट्टा बांधून फाटकाशी उभे. आईने एकदा आपल्या या सासऱ्यांना म्हटलं, "मामाजी, ऊन लागन." तर म्हणाले, "सूनबाई, मानूस आला तवा ऊन नोतं काय? त्याले नाई लागलं?"

तर हे आबाजी मागे मला भेटायला अमरावतीला आले. मी इथे शिकते, खोली करून राहते. सोबत मुगाचे लाडू आणि खारोड्या. आणि बसमधून उतरताना त्यांचा पाय पायरीवरून सटकला. लाडूचा डबा शाबूत, मांडीचं हाड गेलं. मग काय, इथेच भरती, इथेच ऑपरेशन. आत प्लेट टाकली. अकोल्याचे सगळे नातेवाईक नाराज, "आमच्या अकोल्यात दवाखाने नोते काय?" जसं काही आबाजींनी पडायचं गाव निवडलं होतं.

बाबांची नोकरी अकोल्याला, ते सुटीच्या दिवशी येतात. म्हणून दवाखान्यात आई आणि मी. आणि सिस्टर.

आता सिस्टरबद्दल सांगते. वॉर्डात सिस्टर खूप आहेत, पण ही दिवसपाळीची सिस्टर म्हणजे आमची सिस्टर. माझ्याहून थोडीच मोठी असेल. दर्यापूरकडची आहे, बोलणं असं की पुण्याचा माणूस घाबरून बरा होऊन घरी जाईल. आणि चालते किती! मी बसल्या बसल्या तिच्याकडे पाहूनच दमते. तिची एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी दिसली. ती खोलीत आली की आधी पेशंटकडे नाही, जमिनीकडे बघते. पाणी सांडलंय का, चार्जरची वायर आडवी आहे का, चप्पल कुठे आहे. मग पलंग किती वर आहे ते बघून खाली करते, दोन्ही बाजूचे कठडे वर, वॉकर हाताशी, बेलची वायर उशीला गुंडाळलेली. हे सगळं होता होता तोंडाने "काय आबाजी, जेवले काय, संडास साफ झाली काय" चालूच. मला तोपर्यंत वाटायचं नर्सिंग म्हणजे इंजेक्शन आणि सलाईन. अर्धं नर्सिंग तर खाली वाकून फरशी पाहण्यात आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

भरती झाल्यावर तिने आबाजींच्या मनगटाला एक पिवळा पट्टा बांधला. पडण्याची भीती असलेल्या पेशंटला तो बांधतात, म्हणजे वॉर्डातल्या कोणालाही लांबून कळावं.

आबाजींनी हात उलटासुलटा करून पाहिला. "हे काय व पोरी? कंकन बांधलं काय मले या वयात?"

"हाव ना. नवरदेवच होय तुमी," सिस्टर म्हणाली. "पन हा नवरदेव एकटा उठत नाई. त्याच्यासंगं करवली लागते. मी करवली."

"आन् करवलीले बलवाचं कसं?"

"ही बेल दाबाची."

इथे घोडं अडलं. आबाजी बेलकडे असं पाहत होते जसं तिने त्यांच्या हातात शिट्टी दिली. "घंटी वाजवून मानूस बलावू मी? मी काय कलेक्टर हावो?"

"मंग आवाज द्या."

"तुह्यामागं येवढे पेशंट. तुले काम नाई काय?"

"आबाजी, हेच काम होय माह्यं!"

"बरं बरं," आबाजी म्हणाले. आणि ज्या अर्थी "बरं बरं" म्हणाले, त्या अर्थी ते बेल कधीच दाबणार नव्हते. आम्ही घरचे, आम्हाला माहीत आहे.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून नीट समजावलं होतं. ऑपरेशन चांगलं झालंय, आता रोज थोडं थोडं चालवायचं, पण एकटं एक पाऊलही नाही. पडले तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, आणि या वयात दुसऱ्यांदा केलं तर मग पायावर उभे राहतीलच असं सांगता येत नाही, म्हणाले. आईने मान हलवली. मीही हलवली. आईचा चेहरा मात्र त्यानंतर दिवसभर उतरलेलाच राहिला.

आणि मग सुरू झाले पाहुणे. आमच्याकडे माणूस दवाखान्यात आहे म्हटल्यावर भेटायला न जाणं म्हणजे जन्मभराची दुश्मनी. अकोल्याहून, मूर्तिजापूरहून, बडनेऱ्याहून, कोणी कोणी तर कोर्टाच्या कामाने अमरावतीला आलेले, "आलोच हावो त म्हटलं पाहून जाऊ." एक दोघं आबाजींसाठी गिला वडा घेऊन आले आणि आबाजींना तो चालणार नाही हे कळल्यावर आमच्यासमोर बसून खाऊन गेले. माणसं प्रेमाची, पण खोलीत आल्या आल्या काय करायची माहितीय? बसायला जागा पाहिजे म्हणून वॉकर उचलून दारामागे. डबा ठेवायला जागा पाहिजे म्हणून बेल उशीवरून काढून कपाटावर. पायाशी बसायचं म्हणून कठडा खाली. आणि आल्यावर पाया पडायचं, जाताना पाया पडायचं. दर वेळी पाहुणे गेले की सिस्टर येऊन खोली पुन्हा जागच्या जागी लावायची, पुन्हा नवे पाहुणे येऊन ती उलटीपालटी करायचे.

याच दिवसांत सिस्टरने आबाजींना पकडलं. एकदा पाय पलंगाखाली सोडून बसलेले. एकदा कठड्यावरून एक पाय बाहेर. दर वेळी तोच संवाद.

"बाथरूमले जाचं होतं काय आबाजी?"

"नाई."

"पानी पाह्यजे होतं?"

"नाई."

"मंग कायले उठत होते?"

"काई नाई. असंच."

सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. असंच कोणी उठत नाही, हे तिला माहीत होतं. पण आबाजी सांगायचेच नाहीत. आणि आम्हालाही लक्षात आलं नाही की दोन्ही वेळा थोड्याच वेळापूर्वी कोणीतरी पाहुणा उठून गेला होता.

मग नानाजी आले. नानाजी म्हणजे माझ्या आईचे वडील, परतवाड्याला असतात. म्हणजे आबाजींचे व्याही. आमच्याकडे इवाई म्हणतात. आता इवाई म्हणजे साधा पाहुणा नाही हो. इवाई आला म्हणजे घरात स्टीलचे ग्लास जाऊन काचेचे येतात. आबाजी आणि नानाजी आई-बाबांच्या लग्नापासूनचे इवाई, पण अजूनही एकमेकांना "तुमी आधी", "नाई नाई, तुमी आधी" करत दारात अडकून पडतात.

नानाजी परतवाड्याहून बसने आले, हातात संत्र्यांची थैली. कठडा त्यांनी स्वतःच खाली केला, कारण इवायाशी बोलायचं आणि मधे लोखंडी गज, हे त्यांना जेलातल्या भेटीसारखं वाटत होतं. छान गप्पा झाल्या. दोघांनी मिळून आजकालच्या बसच्या सीटा, बियाणं आणि जावई या तिन्ही गोष्टींना नावं ठेवली (जावई म्हणजे माझे बाबा, ते नव्हते). मग मी चहा आणायला खाली गेली आणि आई डबा धुवायला बाहेरच्या बेसिनवर.

मी कप घेऊन दारात पोचली तेव्हा नानाजी टोपी घालत म्हणत होते, "येतो मंग इवाई."

"थांबा," आबाजी म्हणाले, "येतो."

बस. एवढंच. आमच्या घरात हे वाक्य रोज ऐकू येतं. त्यामुळे माझ्या डोक्यात काहीच वाजलं नाही. आणि तोवर आबाजी उभे झाले होते, वॉकर दारामागे, बेल कपाटावर, आणि त्यांनी पाऊल टाकलं. ते ऑपरेशनच्याच पायावर टाकलं. गुडघा दुमडला. नानाजींनी झेप घेऊन त्यांचा सदरा पकडला, आणि मग दोघंही, हळूच, जशी भिजलेली भिंत बसते तसे, खाली बसले. नानाजी खाली, आबाजी त्यांच्या मांडीवर. संत्री सगळ्या वॉर्डात.

मी ओरडली. आई ओली ताटली घेऊन धावत आली. शेजारच्या खोल्यांतले सगळे नातेवाईक धावले आणि सगळ्यांचे हात एकदम पुढे आले. कोणी बगलेत, कोणी पायाला.

"हात लावू नका कोनी! उचलू नका!"

सिस्टर. कुठून आली कोण जाणे. ती सरळ जमिनीवर मांडी घालून बसली, आबाजींच्या समोर, आणि आवाज एकदम हळू केला. "आबाजी, माह्याकडे पाहा. डोकं लागलं काय कुठी? नाई ना? कुठी दुखते, बोट लावून दाखवा. पायाची बोटं हलवा बरं. हां. दुसऱ्या पायाची." पाऊल बाहेर वळलंय का ते पाहिलं, नाडी पाहिली, ब्रदरला बीपीचं मशीन आणायला पाठवलं. मग खाली वाकून म्हणाली, "आन् काकाजी, तुमाले लागलं काय?"

"माह्यं जाऊ दे," नानाजी आबाजींच्या खालून म्हणाले, "इवायाले पाहा."

मग चादर सरकवून, चौघांनी मिळून, तिच्या "एक, दोन, उचला" वर आबाजी पलंगावर गेले. एक्स-रेला नेलं. तो वेळ मी सांगत नाही. आई बाकावर बसून पदराचं टोक गुंडाळत होती आणि उलगडत होती. नानाजी भिंतीला टेकून उभे, बसा म्हटलं तरी बसेनात.

प्लेट जागेवर होती. हाड जागेवर होतं. देवा.

पण डॉक्टर चिडले होते, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खाली उतरणं बंद, चालवणं दोन दिवस बंद, कठडे चोवीस तास वर, पाहुणे बंद. "नशीब त्यांनी सदरा पकडला," ते म्हणाले. "दर वेळी कोणी सदरा पकडायला नसतं."

प्रत्येक जण येऊन आबाजींना एकच विचारत होता. काहून, म्हणजे का, उठले? आईने विचारलं, बाबांनी फोनवर विचारलं, वॉर्डातली मावशी झाडू मारता मारता विचारून गेली.  आणि आबाजी एकदम गप्पच झाले. आमचे आबाजी, जे मीटरवाल्याशी फाटकात उभं राहून पाऊसपाण्यावर बोलतात, ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दोन घास खायचे, तोंड फिरवायचे. चालवणं पुन्हा सुरू करायला फिजिओचा दादा आला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे बापू. आता कायले चालाचं." मला तेव्हा खरी भीती वाटली. पडले तेव्हाही एवढी नव्हती वाटली.

तिकडे नानाजी परतवाड्याला जाऊन फोनवर आईला म्हणाले, "मी आता तिकडं येत नाई व. माह्याच पायगुनानं झालं." आई एका बाजूने सून, एका बाजूने लेक, मधे फोन. तिने फोन ठेवला आणि उगाचच सगळे डबे पुन्हा घासले.

मग एका सकाळी सिस्टर चादर बदलायला आली. आबाजींना एका कुशीवर वळवून त्यांच्या पाठीला हात लावून उभी होती. आणि सहज विचारावं तसं तिने विचारलं.

"आबाजी, कुठी चालले होते हो?"

बघा हं. काहून उठले, असं नाही विचारलं. कुठे चालले होते.

आबाजी भिंतीकडे पाहतच म्हणाले, "इवायाले पोचवाले."

"कुठवर?"

"फाटकापर्यंत."

"इथं फाटक कोठी हाय?"

आबाजी थांबले. खरंच विचार करत होते. मग म्हणाले, "इथं... लिफ्टच म्हना मंग."

सिस्टर चादर हातात धरून तशीच उभी राहिली. "अवं माय," ती म्हणाली. "म्हनजे त्या दिवशीही पाहुनाच गेलता? आन् त्याच्या आंधीही?"

"पोचवल्याबिगर मानूस जाऊ देते काय कोनी?" आबाजी एकदम वळले. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज खणखणीत निघाला. "पलंगावर पडून हात हालवाचा? आपन काय राजे हावो? त्यो येवढा परतवाड्याहून आला!"

बाहेर आल्यावर सिस्टर मला म्हणाली, "आमाले शिकवलेलं हाय ना, पेशंट उगाच उठत नाई, त्याले कुठीतरी जाचं असते. पन मी दर वेळी बाथरूमच विचारत बसली. लिफ्टचं कोनाच्या डोक्यात येईन व?" आणि स्वतःच खो खो हसली. मग ती डॉक्टरांकडे गेली. मी मागे मागे. ती म्हणाली, सर, आबाजींना चालायला कारण आहे, ते कारण आपण वापरू. पाहुणे येऊ द्या, पण पोचवणं माझ्यासोबत, कमरेला पट्टा बांधून, वॉकर घेऊन. आज पलंगाच्या कडेपर्यंत, मग दारापर्यंत, मग आमच्या टेबलापर्यंत, आणि जमलं तर लिफ्टपर्यंत. डॉक्टर हसले. "मी इतके दिवस त्यांना सांगतोय चाला चाला, आणि ते पाहुण्यासाठी चालतायत होय! करा. पण फिजिओला सोबत घ्या. आणि पडले तर मी तुला विचारीन."

"विचारा सर," ती म्हणाली.  म्हणजे आता आबाजींच्या पायासोबत तिचीही मान अडकली.

राहता राहिली बेल. आबाजी ती दाबणार नाहीत हे तिनेही मान्य केलं होतं. मग तिने जे केलं ते मला फारच आवडलं. बेल पाहुण्यांना दिली. नियम असा, की ज्याला निघायचंय त्याने बेल दाबायची आणि सिस्टर येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही. तोवर "येतो" हा शब्द खोलीत काढायचा नाही. आईने हे काम अंगावर घेतलं. दारातच प्रत्येकाला सांगायची, वॉकरला हात नाही, कठड्याला हात नाही, आणि येतो म्हणायचं नाही. लोकांना वाटायचं हा काहीतरी सोयर-सुतकासारखा प्रकार आहे, ते घाबरून ऐकायचे.

पण गंमत काय झाली, सिस्टरला पेशंट पुष्कळ. बेल वाजली की ती दोन मिनिटांत येतेच असं नाही, कुठे कोणाची सलाईन संपलेली, कुठे कोणाला उलटी. मग पाहुणा अडकला! मूर्तिजापूरचे एक काका बेल दाबून बसले, सिस्टर आली नाही, तर आबाजींनी त्यांना पुन्हा चहा पाजला, चहा झाल्यावर पुन्हा विषय निघाला, आणि सिस्टर आली तेव्हा काका म्हणाले, "थांबा सिस्टर, येवढं सांगून होऊ द्या." शेवटी सिस्टरनेच ठरवलं, मी मोकळी झाली की येईन, तेव्हा सगळ्यांनी एकदमच निघायचं.

पहिल्या दिवशी आबाजी नुसते पलंगाशी उभे राहिले, सिस्टरने पट्टा धरलेला, आणि पाहुण्यांना राम राम केला. पाहुणे गेल्यावर तोंड वाकडं. "हे काय पोचवनं होय? जेवाले बसवलं आन् पानी दिलं नाई, असं वाटते." पण संध्याकाळी त्यांनी पूर्ण पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दार. मग टेबल. आणि तुम्ही ती वरात पाहायला पाहिजे होती! पुढे वॉकर टकटक करत आबाजी, बाजूला पट्टा धरून सिस्टर, "नजर समोर, पायाकडे नाई, आंधी वॉकर, मंग दुखता पाय, मंग चांगला," मागे चाकाची खुर्ची घेऊन फिजिओचा दादा, आणि त्याच्या मागे आपापल्या पिशव्या घेऊन, घाई असूनही घाई न करता, पाहुणे. शेजारच्या वॉर्डाचे लोक दारात येऊन बघायचे. एका आजीने तर तांदूळ टाकायची ॲक्टिंग केली.

पण आबाजी रोज विचारायचे, "इवायाचा फोन आलता काय?" नव्हता. म्हणजे आईला यायचा, आबाजींसाठी नाही. काल आईने शेवटी फोन लावला आणि बाहेर जाऊन बोलली. मला अर्धंच ऐकू आलं. "बाबा, तुमी आले नाई त हे चालाचे नाई. टेबलापर्यंत जातात आन् परत येतात. म्हनतात, लिफ्टपर्यंत इवायालेच नेईन. आता तुमीच काय ते ठरवा."

आणि आज नानाजी आले. दारातल्या स्टुलावर, पलंगापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब. संत्री नाहीत, काही नाही.  मग आबाजी म्हणाले, "इवाई, त्या दिवशी तुमच्या मांडीवर बसलो त राग नाई ना आला?"

नानाजी म्हणाले, "वजन लय हाय तुमचं."

झालं. सुरू झालं. सीटा, बियाणं, जावई. आई पाठमोरी उभी राहून पाण्याची बाटली पुसत होती, तिचे खांदे हलत होते.

आणि मग नानाजींनी काय करावं? त्यांना अजूनही भीतीच. त्यांना वाटलं आपण निघतो म्हटलं की हे उठणार, म्हणून आबाजींनी औषध घ्यायला मान वर केली तेवढ्यात नानाजी टोपी हातात घेऊन, चपला न वाजवता, गुपचूप सटकले! बेल नाही, येतो नाही, काही नाही. मी औषधाची पट्टी कपाटात ठेवत होती. वळून बघते तर स्टूल रिकामं. आणि आबाजी स्टुलाकडे बघून राहिले.

त्यांचा हात कठड्यावर गेला.  मी पलंगाच्या पलीकडे, आई बाटली भरायला बाहेर. हात कठड्याच्या कडीवर होता. मी पट्टी टाकून पलंगाला वळसा घालायला निघाली. त्यांनी कडीकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग हात उचलला, उशीकडे नेला, आणि बेल दाबली.

दाबली म्हणजे काय, दाबूनच धरली. पूर्ण मजल्यावर ट्यँऽऽ वाजत राहिली. सिस्टर धावत आली, तिच्यामागे ब्रदर, तिच्या हातात अजून कोणाचं तरी थर्मामीटर.

"काय झालं आबाजी? काय होते?"

"लवकर चाल व पोरी! पाहुना पळून चालला!"

सिस्टरने एकदा रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं आणि सगळं समजली. थर्मामीटर ब्रदरच्या हातात, पट्टा आबाजींच्या कमरेला, कठडा खाली, वॉकर समोर. आणि माझ्यावर ओरडली, "तू काय पाहत बसली? पळ! लिफ्ट अडव!"

मी पळाली. लिफ्टचं दार लागतच होतं, मी मधे पाय घातला. आत नानाजी, एक स्ट्रेचर रिकामं, एक वॉर्डबॉय आणि कोणतीतरी मोठी फॅमिली. "ओ ताई, काय चाललंय?" "दोन मिनिटं," मी म्हटलं, "एक पेशंट येऊन राहिले." "खाली जाणार आहेत का?" "नाही, पोचवायला येऊन राहिले." कोणालाच काही कळलं नाही. नानाजींना कळलं. ते टोपीच्या आड तोंड लपवून उभे राहिले.

आणि मग टक, टक, टक. कॉरिडॉरच्या त्या टोकापासून आबाजी. मधे एकदा थांबले, सिस्टर म्हणाली "बसता काय, खुर्ची हाय," तर मान हलवून नाही. सिस्टरचा हात पट्ट्यावर पक्का, नजर आबाजींच्या पायांवर, पुढच्या फरशीवर, पुन्हा पायांवर. टेबल मागे पडलं. लिफ्टमधल्या लोकांनी बडबड बंद केली. वॉर्डबॉयने लिफ्टचं बटण दाबून धरलं.

आबाजी लिफ्टच्या दाराशी येऊन उभे राहिले. दम लागला होता. दोन्ही हात वॉकरवर, त्यामुळे हात जोडता येईनात. त्यांनी नुसती मान वाकवली.

"राम राम, इवाई. या पुन्हा."

 नानाजी लिफ्टमधून बाहेरच आले आणि त्यांनी आबाजींचे दोन्ही हात वॉकरसकट धरले. "येतो," ते म्हणाले. शेवटी म्हणालेच. आई बाटली घेऊन मधेच उभी, बाटलीतलं पाणी सांडतंय, आणि सिस्टर तेवढ्यातही म्हणते काय, "ताई, पानी! फरशीवर! पुसा आंधी!"

मी माझ्या ओढणीने पुसलं.

डॉक्टर टेबलाशी उभे राहून हे सगळं बघत होते, आम्हाला माहीतच नव्हतं. आबाजी खुर्चीत बसून परत जाताना ते जवळ आले, पाय पाहिला, सिस्टरला काहीतरी विचारलं, तिने काहीतरी सांगितलं, आणि ते म्हणाले उद्या जिना चढून बघू, तो जमला की अकोल्याला जा. आबाजींनी लगेच विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमी अकोल्याले कधी येता?" आम्ही सगळे समजलो. सिस्टर तर भिंतीला धरून हसली. मग तिला कुठून तरी दुसरी बेल ऐकू आली आणि ती गेली, अर्धं हसू तिथेच टाकून.

नानाजी त्या गडबडीत जिन्यानेच उतरले म्हणे. मी वर जाते आता, आईचा फोन वाजून राहिला आहे. पण मला खरंच जाणून घ्यायचंय, म्हणून हे टाइप केलं. तुमच्या घरी कोणी असं दवाखान्यात उठलंय का, आणि सगळ्यांनी "काहून उठले, काहून उठले" करून त्यांना भंडावून सोडलंय का? नंतर कोणी विचारलं का, की कुठे चालले होते? आणि ते कुठे चालले होते? सांगा ना. आमचे तर लिफ्टपर्यंत. तुमचे?